एकाच पाठीवरचे तीन हात: काइगोच्या नोंदींमधलं एक प्रकरण

नागानो प्रांतातल्या एका वृद्धनिवासात एका आजींच्या संध्याकाळच्या अस्वस्थपणाबद्दल तीन कर्मचाऱ्यांनी लागोपाठच्या दिवशी तीन नोंदी केल्या. खुर्ची तीच, वेळ साधारण तीच, आणि केलेलं कामही वरवर पाहता एकच: पाठीवर हात. तिन्ही नोंदींवर वरिष्ठांनी खूण केली. पहिली वाचून नर्स आजींची कातडी तपासायला धावली, दुसरी घाईघाईने दुरुस्त करावी लागली आणि तिसरीवर ‘यावर बोलू या’ असा शेरा पडला.

पहिली नोंद माझ्या विद्यार्थिनीची. मी पुण्यात जपानी शिकवते, आणि अलीकडे माझ्या वर्गात ‘काइगो’साठी, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामासाठी जाणाऱ्या मुलीच जास्त असतात. जपानने एप्रिल २०१९मध्ये ‘तोकुतेइ गिनो’ हा कुशल कामगारांचा व्हिसा सुरू केला, त्यात काइगो पहिल्यापासून होतं. भारताबरोबरचा करार जानेवारी २०२१मध्ये झाला. तेव्हापासून कराड, सांगली, लातूर, नांदेडकडच्या मुली येतात, एन-फोर ही जपानी भाषेची परीक्षा आणि काइगोची वेगळी भाषापरीक्षा देतात आणि जातात. अवयवांची नावं, आजारांची नावं, जेवणाचे प्रकार त्यांना तोंडपाठ असतात. सगळ्यांत कच्ची राहतात ती स्पर्शाची क्रियापदं, आणि काम तर उठल्यापासून झोपेपर्यंत स्पर्शाचंच.

संस्थेतल्या प्रशिक्षण सांभाळणाऱ्या बाईंनी नावं झाकून या नोंदी माझ्याकडे पाठवल्या. त्यांचा प्रश्न नेमका होता: मुलीची चूक शब्दात आहे की हातात? या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे निघालं ते इथे मांडते आहे. त्या बाईंची आणि मुलीची परवानगी आहे; ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

आजी

खरं म्हणजे तिथे त्यांना कोणी आजी म्हणत नाही. आडनाव आणि पुढे ‘सान’. ‘ओबाआचान’ ही हाक घरात गोड वाटते, पण परक्या माणसाने ती मारली तर समोरच्या बाईचं नाव, संसार, आयुष्य सगळं पुसून फक्त वय उरतं, असं काइगोच्या शिक्षणात अगदी सुरुवातीला सांगतात. आपल्या मुलींना हे जड जातं, कारण आपल्याकडे बसमध्ये शेजारी बसलेलीसुद्धा आजीच असते. माझी विद्यार्थिनी फोनवर माझ्याशी बोलताना त्यांना आजीच म्हणायची, म्हणून मीही इथे तोच शब्द ठेवते.

संस्था ‘तोकुयो’ प्रकारची, म्हणजे कायम शुश्रूषा लागणाऱ्या वृद्धांना ठेवून घेणारी आहे. जपानचा काळजी विमा एप्रिल २००० पासून चालू आहे. त्यात परावलंबनाच्या पाच श्रेणी आहेत, आणि एप्रिल २०१५ पासून तोकुयोमध्ये सहसा तिसऱ्या किंवा त्यापुढच्या श्रेणीच्याच माणसांना घेतात. आजी चौथ्या श्रेणीत होत्या. स्मृतिभ्रंश, आणि पाठीला चांगलंच पोक. जपानीत याला ‘एनपाइ’ म्हणतात, गोल झालेली पाठ. अंग इतकं वाळलेलं की मणके कातडीखाली एकेक मोजून घ्यावेत. हे मणके पुढे महत्त्वाचे ठरतात.

दिवसभर आजी बऱ्या असायच्या. अंधारून आलं की मात्र ‘काएरितै’, घरी जायचंय, हे सुरू व्हायचं, आणि नागानोत डिसेंबरात साडेचारच्या पुढे दिवस बुडतोच. आजी खुर्चीतून उठायला बघायच्या आणि पाय साथ देत नव्हते. त्यामुळे पडण्याची भीती सगळ्यांच्या मनात असायची. या अवस्थेला तिथे ‘युउगुरे शोकोगुन’, संध्याकाळचा लक्षणसमूह, असं नाव आहे. औषध वाढवायचं नाही असं डॉक्टरांनी आणि घरच्यांनी मिळून ठरवलं होतं. म्हणजे जे करायचं ते बोलून आणि हाताने.

तीन नोंदी

विद्यार्थिनीने टॅबलेटवर लिहिलं की आजी अस्वस्थ होत्या म्हणून मी ‘सेनाका’, म्हणजे पाठ, ‘सासुरिमाशिता’. मूळ क्रियापद ‘सासुरु’. दुखणाऱ्या, थंड पडलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाच्या अंगावरून हात फिरवत राहणं, त्याला बरं वाटावं म्हणून. शब्द अगदी बरोबर. पण टॅबलेटने तो कानाने ऐकल्यासारखा, म्हणजे हिरागाना या उच्चारलिपीत न ठेवता कांजीचा, म्हणजे चिनी अक्षराचा, पर्याय पुढे केला, आणि नोंद नीटस दिसावी म्हणून तिने तो स्वीकारला. ते कांजी दोन क्रियापदांना चालतं. एक ‘सासुरु’ आणि दुसरं ‘कोसुरु’. कोसुरु म्हणजे घासणं: डाग घासणं, डोळे चोळणं, भांडं घासणं. त्या अक्षरापुढे हिरागानात लिहिलेली शेपटीही दोन्हींत सारखीच, त्यामुळे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं.

सकाळच्या पाळीच्या नर्सने ‘पाठ घासली’ असं वाचलं. तिच्या जागी मी असते तरी हेच वाचलं असतं, कारण वृद्धांची कातडी कागदासारखी पातळ होते, नुसत्या ओढीने सुद्धा फाटते. जपानी शुश्रूषेत ‘स्किन-तेआ’ हा शब्द आता रोजचा आहे. शिवाय हाडावर लाली दिसत असेल तर ती जागा चोळायची नाही, हा शय्याव्रण टाळण्याचा नियम आहे. पूर्वी चोळायला सांगत, आता स्पष्ट मनाई आहे. नर्सने पाठ पाहिली, तर एका मणक्यावर फिकट लाली होती. बोटाने दाबली तर पांढरी पडली, सोडल्यावर परत आली. म्हणजे व्रणाची सुरुवात नव्हती. पण ती खुर्चीच्या पाठीमुळे आली की हातामुळे, हा प्रश्न त्या एका अक्षराने उभा केला.

दुसरी नोंद ईशान्य चीनमधून आलेल्या एका अनुभवी सहकारिणीची. तिची कांजी उत्तम, लिहिण्याचा वेग जपान्यांच्या बरोबरीचा, त्यामुळे तिच्या नोंदी कोणी बारकाईने तपासत नसे. तिने लिहिलं: पाठीला ‘आइबु’ केलं, आजी शांत झाल्या. चिनीत तीच दोन अक्षरं ‘आइफू’ अशी वाचतात. पहिलं अक्षर प्रेमाचं, दुसरं हात फिरवण्याचं. आईने लेकीचे केस सारखे करावेत, आजोबांनी नातवाच्या गालावरून हात फिरवावा, तिथे चिनी लेखनात हा शब्द सहज येतो. जपानीत मात्र तो आता जवळजवळ पूर्णपणे शय्येवरच्या प्रणयाचा झाला आहे. घरच्यांनी मागितल्या तर नोंदी त्यांना दाखवाव्या लागतात. नव्वदीला टेकलेल्या आपल्या आईबद्दल मुलाने ते वाक्य वाचलं असतं तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. वरिष्ठांनी दुरुस्तीची नोंद घालून ते वाक्य लगेच बदललं.

तिसरी नोंद एका नव्या जपानी मुलीची, नुकतीच शाळा संपवून कामाला लागलेली. तिने लिहिलं ‘नादे-नादे शिते आगेमाशिता’. ‘नादेरु’ म्हणजे कुरवाळणं; ते दोनदा म्हटलं की लहान बाळाशी बोलण्याची भाषा होते. आणि ‘आगेरु’ जोडल्यामुळे ‘मी तिच्यासाठी करून दिलं’ असा उपकाराचा सूर येतो. व्याकरणाची एकही चूक नाही. तरी प्रशिक्षण-बाईंना सगळ्यांत जास्त खटकली ती हीच नोंद, आणि मला त्यांचं पटतं. पहिल्या दोन नोंदींतली अडचण परक्या भाषेतून आली होती. ही घरच्या भाषेतून आली, आणि तिच्यातून आजींकडे बघण्याची नजर दिसत होती.

हात काय करत होते

इथे प्रशिक्षण-बाईंनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. त्यांनी शब्दांची यादी वाटली नाही. तिघींना बोलावलं, एक खुर्ची मांडली, स्वतः तिच्यात पुढे झुकून बसल्या आणि म्हणाल्या, त्या संध्याकाळी जसं केलंत तसं माझ्या पाठीवर करून दाखवा.

माझ्या विद्यार्थिनीने तळहाताची टाच लावली आणि कंबरेकडून मानेकडे, मानेकडून कंबरेकडे हात चालवला, जरा जोर देऊन, मध्ये न थांबता. बाईंचा कार्डिगन वरखाली सरकत होता. मला व्हिडिओ कॉलवर हे पाहताच कळलं की हा हात कुठे शिकलेला आहे. आजीच्या गुडघ्यांना तेल लावणारा, बाळंतिणीची पाठ रगडणारा, वडील शेतातून आले की पाय चेपून देणारा हात. पुढे तिला मी मराठीत विचारलं, तू काय करत होतीस? ती म्हणाली, “मॅडम, पाठ चोळून देत होते.”

हे उत्तर म्हणजे प्रकरणाची किल्ली आहे. आपलं ‘चोळणं’ फार मोठं आहे. कपड्याचा डाग चोळतात, डोळे चोळतात, न्हाताना पाठ चोळतात, आणि दमलेल्या माणसाचे पायही मायेने चोळून देतात. जपानीत याच्या मधोमध भिंत आहे: अलीकडे कोसुरु, पलीकडे सासुरु. तिने सासुरु हा शब्द पाठ केला तो ‘चोळणे’ या अर्थाने, आणि हाताने मराठी चोळणं केलं. नर्सने वाचलेलं ‘घासलं’ म्हणजे पूर्ण गैरसमज नव्हता. तिचा हात खरोखरच दोन्ही क्रियापदांच्या मधे कुठेतरी चालत होता, तोही पोक आलेल्या पाठीच्या मणक्यांवरून.

मग चिनी सहकारिणी. ती आधी बाईंच्या समोर आली, गुडघे वाकवून नजर बरोबरीला आणली, काहीतरी बोलली. मग बाजूला येऊन डावा हात खांद्यावर नुसता ठेवला, उजव्या हाताचा पूर्ण तळवा मणक्यांच्या एका अंगाला टेकवला आणि अगदी सावकाश खाली आणला. कंबरेशी आल्यावर हात एकदम उचलला नाही. दुसरा हात टेकल्यावरच पहिला सोडला. जपानी पाठ्यपुस्तकात सासुरु असाच शिकवतात. सगळ्यांत अडचणीचा शब्द लिहिणारीचा हात सगळ्यांत चांगला निघाला.

नव्या मुलीने खांद्यावर हलकं थोपटलं, ‘तोंतों’, आणि मग केसांवरून हात फिरवला. हळुवार होतं, पण उभ्या उभ्या, वरून.

म्हणजे बाईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं झालं: विद्यार्थिनीची चूक थोडी अक्षरात होती आणि थोडी हातात, चिनी सहकारिणीची फक्त शब्दात, आणि तिसरीची उभं राहण्यात. नुसत्या नोंदी वाचून हे कधीच कळलं नसतं.

‘फू’ आणि त्याचा विस्तार

चिनी सहकारिणीला या प्रकाराने फार वाईट वाटलं. तिचं म्हणणं होतं की मी इतका चांगला शब्द लिहिला आणि तुम्ही तो घाण असल्यासारखा पुसला. तिची बाजू समजून घ्यायला त्या दुसऱ्या अक्षराकडे, ‘फू’कडे, जरा थांबून बघावं लागतं.

या अक्षराच्या डाव्या बाजूला हाताचं चिन्ह असतं. जपानीत त्याला ‘तेहेन’ म्हणतात. चिनीत हातांनी करायच्या कोमल गोष्टींचे शब्द बहुतेक याच चिन्हाचे आहेत: ‘मो’ म्हणजे हाताने चाचपणं, ‘पाइ’ म्हणजे थोपटणं, ‘रौ’ म्हणजे बोटांनी गोल गोल दाबत चोळणं, ‘लोउ’ म्हणजे हाताच्या वेढ्यात घेणं, ‘बाओ’ म्हणजे कवेत घेणं. यांतले बरेच शब्द दोनदा म्हटले की कृती हलकी आणि जिव्हाळ्याची होते, आणि मोठ्या माणसांतही ते खपतं. जपानीत असं क्रियापद दोनदा म्हटलं की बहुधा बाळबोली होते. ‘नादे-नादे’ची गोची तीच.

‘फू’ मात्र या सगळ्यांहून वर गेला. मूल वाढवणं म्हणजे ‘फूयांग’. कर्त्या माणसाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला दिली जाणारी मदत म्हणजे ‘फूश्यु’. मिंग आणि चिंग काळात प्रांताच्या सुभेदाराला ‘श्युन्फू’ म्हणत, फिरून लोकांना सांभाळणारा. हाताने कुरवाळण्यापासून निघालेला शब्द पालनपोषण, सांत्वन आणि राज्यकारभारापर्यंत पोचला. चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात, शिचिंगमध्ये, आईवडिलांची शेवटपर्यंत सेवा करता आली नाही म्हणून शोक करणाऱ्या मुलाची एक कविता आहे. त्यात तो त्यांचे उपकार एकेक करून आठवतो: जन्म दिला, पोसलं, कुरवाळलं, वाढवलं, जाता-येता पोटाशी धरलं. तिथलं ‘कुरवाळलं’ हे क्रियापदही ‘फू’च, हाताच्या चिन्हाचं. म्हातारपणी परत करायची गोष्ट म्हणून हा शब्द तिच्या मनात इतका खोल असेल, तर तिने तो नोंदीत लिहावा यात नवल काय?

जपानने हीच अक्षरं घेतली आणि ‘आइबु’ची वाट अरुंद होत गेली. मात्र ‘नादेरु’ घरात राहिला, मोठ्यांनी लहानांना करायचा. आपल्याकडेही डोक्यावरून हात वडीलधाऱ्यांचाच फिरतो. एखाद्या पोरीने आजीच्या डोक्यावर थोपटलं तर आपल्यालाही ते चमत्कारिकच वाटेल. तिसऱ्या नोंदीतली अडचण माझ्या मराठी मुलींना समजावून सांगावी लागली नाही, ती त्यांच्या लगेच लक्षात आली.

तरीही नादेरु नेहमी वरून खालीच असतो असं म्हणता येत नाही, आणि याचा पुरावा त्याच प्रांतात, नागानो शहरातल्या झेन्कोजी मंदिरात बसलेला आहे. मुख्य दालनात ओबिंझुरु-सामाची लाकडी मूर्ती आहे, १७१३ सालची. आपलं जे दुखतं तो मूर्तीचा अवयव कुरवाळायचा आणि मग तोच हात आपल्या दुखऱ्या जागी फिरवायचा, अशी श्रद्धा. तीनशे वर्षांच्या हातांनी मूर्तीचा चेहरा इतका गुळगुळीत झाला आहे की नाकडोळे जेमतेम कळतात. अशा मूर्तींना ‘नादे-बोतोके’, कुरवाळायचा बुद्ध, म्हणतात. हे बिंझुरु मूळचे आपल्याकडचे, बुद्धाच्या शिष्यांपैकी पिंडोल भारद्वाज, सोळा अर्हतांमधले एक. आजींच्या मुलाने सांगितलं की आई तरुणपणी गुडघा दुखला की झेन्कोजीला जाऊन मूर्तीचा गुडघा नादेरु करून यायची. ही माहिती आजींच्या कागदावर कुठेच नव्हती. या प्रकरणामुळे ती लिहिली गेली, आणि मग संध्याकाळी बोलायला एक विषय मिळाला.

स्पर्शाच्या आधीचा स्पर्श

नोंदी दुरुस्त करताना अजून दोन क्रियापदं समोर आली. ‘सावारु’ आणि ‘फुरेरु’. दोन्हींचं कांजी एकच, फक्त पुढची शेपटी वेगळी. सावारु म्हणजे हात लावणं, आणि त्यात हेतू, पकड, कधी आगाऊपणाही येतो. ट्रेनमध्ये कोणी नको तिथे हात लावला तर तक्रारीत हाच शब्द असतो. फुरेरु हलका, जेमतेम टेकणारा. मुली पहिल्या धड्यात सावारु शिकतात आणि सगळीकडे तोच वापरतात. काइगोच्या नोंदीत तो शक्यतो नको.

आणि एक सुंदर रचना: ‘ते ओ सोएरु’. ‘ते’ म्हणजे हात. चालणाऱ्या माणसाच्या कोपराखाली, उठणाऱ्याच्या पाठीशी हात नुसता जोडीला ठेवणं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. जोर त्या माणसाचाच, आपला हात फक्त सोबतीला. मनगट पकडणं याच्या अगदी उलट. त्याला ‘त्सुकामु’ म्हणतात. इव्ह जिनेस्त आणि रोझेत मारेस्कोत्ती या फ्रेंच जोडीची ‘युमानित्यूद’ ही शुश्रूषेची पद्धत २०१२ पासून जपानमध्ये पसरली. तिचे चार खांब आहेत: पाहणं, बोलणं, स्पर्श करणं, उभं करणं. त्यात वरून मनगट पकडायला सक्त मनाई आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला अचानक पकडलेला हात धरपकडीसारखा वाटतो. हात खालून, पूर्ण तळव्याने, सावकाश आणायचा. आणि त्याआधी ‘कोए-काके’, म्हणजे हात लावण्यापूर्वी नाव घेऊन सांगायचं की आता मी पाठीला हात लावते आहे. चिनी सहकारिणी खुर्चीसमोर वाकून जे बोलली ते हेच.

सावकाश म्हणजे किती, हे विचारणाऱ्या मुली मला आवडतात, कारण त्याला खरंच उत्तर आहे. माणसाच्या केसाळ कातडीत, पाठीवर, दंडावर, काही बारीक मज्जातंतू असे असतात की ते हळुवार कुरवाळण्यालाच चांगला प्रतिसाद देतात. सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर हा त्यांचा पट्टा, आणि त्यातही ३ च्या आसपास ते सर्वाधिक जागे होतात. म्हणजे खांद्यापासून कंबरेपर्यंत एक फेरा यायला दहा-बारा सेकंद तरी हवेत. माझ्या विद्यार्थिनीचा हात एका सेकंदात मानेशी पोचून परत यायचा.

काय ठरलं

बैठकीनंतर त्या संस्थेने एक पानी तक्ता केला. ‘सासुरु’ हिरागानातच लिहायचं, कांजीचा पर्याय आला तरी घ्यायचा नाही. ‘आइबु’ नको, ‘सावारु’ नको, बाळबोलीतली दुहेरी क्रियापदं नकोत, उपकाराचं ‘आगेरु’ नको. हात कुठे ठेवला ते लिहायचं: मणक्यांवर की बाजूला, खांद्यावर की पंजावर. आधी सांगितलं की नाही ते लिहायचं. आणि शेवटी आपली भावना न लिहिता समोरच्या माणसाचं काय झालं ते लिहायचं.

विद्यार्थिनीची पुढची नोंद मराठीत आणली तर अशी होते: ‘सव्वापाच. घरी जायचं म्हणून दोनदा उठायचा प्रयत्न. नाव घेऊन सांगितलं, बाजूला बसले, पाठीच्या उजव्या अंगाला हात ठेवून सावकाश हात फिरवला. झेन्कोजीबद्दल बोलल्या. खांदे सैल झाले. चहा घेतला.’ या नोंदीवर खूण नव्हती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्रपाळीच्या मुलाने ती वाचून तोच हात तिथेच ठेवला. नोंदीतलं क्रियापद पुढच्या पाळीच्या हाताला मिळालेली सूचना असते, आणि या प्रकरणाचं सगळं मोल मला त्यातच दिसतं. ‘घासली’ वाचून कोणी घासेल, ‘बाळासारखं कुरवाळलं’ वाचून कोणी बाळ समजेल. ‘उजव्या अंगाला, सावकाश’ वाचलं तर हात उजव्या अंगालाच आणि सावकाश जाईल.

आजींची संध्याकाळ यामुळे बरी झाली असं मात्र नाही. काही दिवशी हाताने काम झालं, काही दिवशी आजींनी हात झटकून टाकला, आणि तेही नोंदीत आलं. त्यातून एक नवी ओळ निघाली: प्रत्येक रहिवाशाच्या कागदावर आता स्पर्श कुठे चालतो आणि कुठे नाही हे आधी लिहिलेलं असतं. एका गृहस्थांच्या कागदावर ‘फक्त हाताचा पंजा, तोही त्यांनी पुढे केला तर’ एवढंच आहे. त्यांना कोणी सासुरु करायला जात नाही.

चिनी सहकारिणीचा आक्षेप अजून मिटलेला नाही. ती म्हणते, तुमच्या तक्त्यातून हाताची दिशा कळते, वेग कळतो, पण हात का फिरला ते कळत नाही. माझ्या शब्दात ते कळत होतं. प्रशिक्षण-बाईंचं उत्तर असं की नोंद रहिवाशाबद्दल असते, आपल्या मायेबद्दल नाही. लेखी नोंदीपुरती मी बाईंच्या बाजूची आहे. पण पाळी बदलताना तोंडी हवाला देतात, ‘मोउशिओकुरि’, तिथे तिने आपल्या मनातलं सांगावं असं मी सुचवलं, आणि आता ती सांगते. तरुण मुलं तिच्याकडून पाठीवर हात ठेवायला शिकतात, हेही मला त्या बाईंकडूनच कळलं.

माझ्या वर्गात याने एक बदल झाला. स्पर्शाची क्रियापदं मी आता फळ्यावर शिकवत नाही. मुली जोडीने खुर्चीत बसतात. मी क्रियापद म्हणते, त्या हाताने करतात आणि बसलेली मुलगी मराठीत सांगते की तिला काय झाल्यासारखं वाटलं. सासुरु म्हटल्यावर निम्म्या तरी जणी ‘चोळलं’ म्हणतात. मग परत करायचं, मोबाइलवर सेकंद लावून, समोरची ‘पाठीवरून हात फिरवला’ म्हणेपर्यंत. सोएरु सगळ्यांत अवघड जातो. मदत करायला गेलेला हात पकडतोच, त्याला नुसतं सोबतीला ठेवणं सहजी जमत नाही.

त्या संस्थेत नेपाळ, म्यानमार, व्हिएतनाममधल्याही मुली आहेत, म्हणून तक्त्याला आता भाषांचे रकाने जोडले जात आहेत. मराठी रकाना मी भरला. त्यात ‘चोळणे’ हा शब्द कोसुरुच्या ओळीत ठेवला आहे, सासुरुसमोर ‘पाठीवरून हात फिरवणे’, तोंतोंसमोर ‘थोपटणे’ आणि नादेरुसमोर ‘कुरवाळणे, बहुतेक वडीलधाऱ्यांनी लहानांना’. चिनी रकाना त्या सहकारिणीनेच भरला, आणि ‘आइफू’समोर तिने स्वतः लिहिलं आहे: आमच्याकडे आईसाठी, इथे लिहू नये.